सारख्या टक्क्यांचा असमान न्याय

केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाची कार्यकक्षाही ठरवून दिली. राज्याचा निर्णय त्यामागून, नेहमीप्रमाणे रखडतखडत यायचा तेव्हा येईल. परंतु शिक्षकांच्या संघटनांत मागणीपत्रकांचा हंगाम सुरू झाला आहे. गुणक किती असावा, थकबाकी किती हप्त्यांत मिळावी, घरभाड्याचा टक्का काय असावा, यांवर तावातावाने चर्चा होते. ही चर्चा ज्यांच्याविषयी होतच नाही अशा शिक्षकांविषयी, आणि ती का होत नाही याविषयी, चार कटू गोष्टी आपल्याच माणसांना ऐकवाव्यात म्हणून हे लिहीत आहे.

अशाच एका सभेला मी अलीकडे गेलो होतो. आयुष्य महाविद्यालयात शिकवण्यात गेले, आता निवृत्तिवेतन घेतो. तेव्हा संघटनेच्या सभेत मला मागच्या रांगेत मानाची खुर्ची असते. मागणीपत्रकात अकरा मागण्या होत्या. पहिल्या दहा मागण्यांत रुपये, टक्के आणि तारखा होत्या. अकरावी मागणी अशी होती की, शिक्षण सेवक व तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्या प्रश्नांचा शासनाने सहानुभूतीपूर्वक विचार करावा. दहा मागण्यांना आकडे आणि अकरावीला सहानुभूती! सभेच्या खुर्च्या मांडणारा व चहाची व्यवस्था पाहणारा तरुण हा स्वतः तासिका तत्त्वावर शिकवणारा, पीएच.डी. झालेला अध्यापक होता. तो सभासद नसल्यामुळे त्याला मत नव्हते. मागणीपत्रक टाळ्यांच्या गजरात संमत झाले. मीही त्या वेळी उठून बोललो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

आता थोडा हिशेब मांडू. समाजवादी माणसाने हिशेबाला कंटाळू नये. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हाच गरिबीवरील भाषणबाजीचे रूपांतर वादात झाले.

सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० रुपयांपासून सुरू होते, माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची ३८,६०० पासून, महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाची ५७,७०० पासून आणि प्राध्यापकाची १,४४,२०० पासून. वार्षिक वेतनवाढ सर्वांना सारखीच, तीन टक्के. ऐकायला किती न्याय्य! त्या तीन टक्क्यांचे रुपये करून पाहिले की प्राथमिक शिक्षक २९,२०० वरून ३०,१०० वर जातो, म्हणजे नऊशे रुपये चढतो. सहायक प्राध्यापक ५७,७०० वरून ५९,४०० वर जातो, म्हणजे सतराशे रुपये. पुढच्या वर्षीचे तीन टक्के या वाढलेल्या रकमेवर, त्याच्या पुढचे आणखी वाढलेल्या रकमेवर. दोघांतले अंतर टक्क्यांत जागच्या जागी उभे राहते आणि रुपयांत दरवर्षी रुंदावत जाते. बाजारात मात्र टक्के चालत नाहीत, रुपये चालतात.

आणि खुद्द गुणकही सर्वांना सारखा नव्हता, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आहे. '२.५७ चा गुणक' हे शब्द सर्वांच्या तोंडी बसले. परंतु श्रेणींचा आरंभ ठरवताना केंद्राच्या सातव्या आयोगाने खालच्या पट्ट्याला २.५७, त्यावरच्याला २.६२, त्याहून वरच्याला २.६७ आणि अगदी वरच्या थराला २.७२ वा त्याहूनही अधिक गुणक लावला. कारण असे दिले की जसजसे वर जावे तसतशी जबाबदारी वाढते. २,८०० ग्रेड पे असलेल्या श्रेणीचा आरंभ ११,३६० होता, त्याला २.५७ ने गुणून २९,२०० झाले. सहायक प्राध्यापकाचे २१,६०० होते, त्यांना २.६७ ने गुणून ५७,७०० झाले. प्राध्यापकाचे ५३,००० होते, त्यांना २.७२ लावून १,४४,२०० झाले. जबाबदारीचा मोबदला आधीच्या ११,३६० आणि ५३,००० या फरकात दिलेलाच होता. तीच जबाबदारी गुणकात पुन्हा एकदा मोजून घेतली गेली. एकाच मालाची दोनदा किंमत लावणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?

महागाई भत्त्याची कथा याहून बोधप्रद आहे. महागाई भत्ता ही बक्षिसी नव्हे, बढती नव्हे, गुणवत्तेची पावतीही नव्हे. पैशाचे मोल घसरले म्हणून पोटाला पडलेला चिमटा भरून काढण्याची ती योजना. म्हणूनच चौथ्या वेतन आयोगाच्या काळात, १९८६ पासून, ३,५०० रुपयांपर्यंत मूळ वेतन असलेल्यांना महागाईची शंभर टक्के भरपाई मिळे, ३,५०१ ते ६,००० पर्यंत पंचाहत्तर टक्के आणि त्यावर पासष्ट टक्के. तत्त्व साधे होते: ज्याचा सगळा पगार किराण्यात जातो त्याची पूर्ण भरपाई, आणि ज्याच्या पगारातून बँकेत काही उरते त्याची अंशतः. पाचव्या आयोगाने १९९६ पासून हे तत्त्व मोडून सर्वांना सरसकट शंभर टक्के भरपाई दिली. हे कोणी मोडले? केवळ नोकरशाहीने नव्हे. वरच्या श्रेणीतील संघटित कर्मचाऱ्यांना ते हवेच होते, आणि त्यांच्याबरोबर आपणही टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०२४ पासून भत्ता मूळ वेतनाच्या पन्नास टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा प्राथमिक शिक्षकाला १४,६०० रुपये मिळू लागले, सहायक प्राध्यापकाला २८,८५० आणि प्राध्यापकाला ७२,१००. तूरडाळ तिघांना एकाच भावाने मिळत होती. सहायक प्राध्यापकाचा नुसता महागाई भत्ता प्राथमिक शिक्षकाच्या मूळ वेतनाला जाऊन भिडला आहे.

पण हे सारे वेतनश्रेणीत असलेल्यांचे झाले. या शिडीच्या खाली जमिनीवर जे उभे आहेत, त्यांच्यापर्यंत टक्केच पोहोचत नाहीत.

शिक्षण सेवक योजना २००० साली आली. तीन वर्षे मानधनावर काम करा, मग श्रेणी देऊ, हा तिचा आशय. 'सेवक' हा शब्द राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेल्या आपल्या पिढीला पवित्र वाटत आलेला. सरकारने तो स्वस्त मजुरीचे नाव म्हणून वापरला. २०१९ साली सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात प्रत्यक्ष लागू झाला, तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन ६,००० रुपये होते, माध्यमिकच्या ८,००० आणि उच्च माध्यमिकच्या ९,०००. आयोग आला, थकबाकीचे पाच हप्ते ठरले, आणि सेवकाचे सहा हजार सहा हजारच राहिले. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. टक्केवारीचे शौकीन म्हणतील, ही तर दीडशे टक्क्यांहून अधिक वाढ! होय, आणि तरीही सोळा हजार म्हणजे सोळाच हजार. त्यावर महागाई भत्ता नाही, वार्षिक वाढ नाही. त्याच शाळेतील नियमित शिपायाची श्रेणी १५,००० पासून सुरू होते व पन्नास टक्के भत्त्यासह २२,५०० होते. शिपायाला अधिक मिळते ही तक्रार नव्हे, त्याला मिळते ते त्याच्या संघर्षाचे आहे. परंतु वर्गात फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला राज्य सरकार कायदेशीरपणे त्याहून कमी देते, आणि तेही तीन वर्षे, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची गोष्ट तर सरकारी शब्दकोशाच्या इतिहासात जमा करावी अशी. २००१ साली 'विनाअनुदानित' या शब्दाच्या आधी 'कायम' हा शब्द लावण्यात आला. २००९ साली शाळांपुरता तो काढण्यात आला. २०१६ साली वीस टक्के अनुदान देऊ केले, आणि मग चाळीस, साठ असे टप्पे. वर्गात मुले शंभर टक्के, विषय शंभर टक्के, परीक्षेचे निकाल शंभर टक्के लागले पाहिजेत, आणि वेतन वीस टक्के! ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढीव टप्प्याचा निर्णय झाला, पण पैशांची तरतूद झाली नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये ऐन पावसाळ्यात हे शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसले. पूर्ण वेतन घेणाऱ्या आपल्या किती साथींनी त्या चिखलात एक दिवस काढला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाला महिनाच नसतो. त्याला फक्त घड्याळ असते. सुट्टी आली की वेतन थांबते, परीक्षा आल्या की थांबते, आणि जे मिळायचे ते कैक महिन्यांनी एकदम मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये व महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला. राज्याचा दर त्यानंतर वर्षानुवर्षे त्याच्या पुष्कळ खाली रेंगाळला. याच आयोगाच्या सातव्या वेतनश्रेण्या मात्र मार्च २०१९ च्या शासननिर्णयाने आम्ही आनंदाने स्वीकारल्या होत्या. म्हणजे आयोगाचे एक पत्र बंधनकारक आणि दुसरे केवळ सूचना. बंधनकारक कोणते, हे कोणाच्या पाठीशी संघटना आहे त्यावर ठरले.

येथे योग्यतेचा मुद्दा हमखास पुढे येतो. प्राध्यापकाने नेट-सेट उत्तीर्ण व्हायचे, संशोधनात पाच-सहा वर्षे घालवायची, आणि तिशीत नोकरीला लागायचे. त्याला काही अधिक मिळू नये काय? मिळावे. पूर्ण समान वेतनाची मागणी मी येथे करीत नाही. प्रश्न वाढीचा आहे. ज्या योग्यतेसाठी आरंभीचे वेतन अधिक दिले, त्याच योग्यतेसाठी महागाईची भरपाईही अधिक का? शिवाय योग्यता हेच वेतनाचे मोजमाप असते, तर नेट आणि पीएच.डी. दोन्ही असलेला तासिकेवरचा तरुण कोठे असता? केंद्रीय विद्यालयातील प्राथमिक शिक्षकाचा आरंभ ३५,४०० आणि त्याच तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा २९,२०० का असता? पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला लावण्याची योग्यता दिल्लीच्या शाळेत वेगळी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत वेगळी असते असे कोणीच म्हणणार नाही. निरनिराळ्या व्यवस्थापनांखाली एकाच प्रकारचे काम करणाऱ्या शिक्षकांना एकच श्रेणी असावी, असे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात वेतन ठरते ते धनी कोण यावर. महाविद्यालयांच्या श्रेण्या दिल्लीत ठरतात. सातव्या आयोगाच्या वेळी वाढीव बोज्याचा अर्धा वाटा मार्च २०१९ पर्यंत उचलण्याची तयारी केंद्राने दाखवली होती. शिक्षण सेवकाचे मानधन राज्याच्या वित्त विभागात ठरते, आणि तेथे त्याची बाजू घेणारे कोणी नसते. यात योग्यतेचा संबंध कोठे आला?

न्यायालये काही करतील या आशेवर आपण अधूनमधून बसतो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व घटनेच्या एकोणचाळिसाव्या कलमातील 'ड' खंडात आहे; रणधीर सिंग खटल्यात १९८२ साली आणि जगजित सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेतील सरकारी तंत्रमहाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश देताना याच न्यायालयाने, समारंभांत गुरुमहिमा गाणाऱ्यांनी गुरूला काय देतो तेही पाहावे, अशा आशयाचे बोल सरकारला सुनावले. त्या अध्यापकांना महिना तीस हजार मिळत होते आणि शेजारच्या खोलीतील नियमित सहकाऱ्याला लाखाच्या वर. हा निकाल चांगलाच आहे. पण मे २०१९ मध्ये याच न्यायालयाने बिहारमधील साडेतीन लाखांवर नियोजित शिक्षकांना समान वेतन नाकारले होते, आणि राज्याच्या तिजोरीवरील बोज्याचाही विचार त्यात होता, हे विसरता येत नाही. थोडक्या माणसांचा प्रश्न असला की तत्त्व टिकते, लाखोंचा असला की तिजोरी आठवते. लाखोंचा प्रश्न रस्त्यावर आणि वाटाघाटीच्या टेबलावरच सुटायचा आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एक जुने कामगार पुढारी मला म्हणाले, "तुम्ही हे लिहिलेत की सरकारच्या हाती कोलीत मिळेल. वरच्यांची वाढ कापतील आणि खालच्यांना काहीच देणार नाहीत." ही भीती निराधार नाही. १९७८ साली भूतलिंगम समितीने वेतन, उत्पन्न व किंमती यांच्या धोरणाचा अहवाल दिला, तेव्हा समतेचे नाव घेऊन मजुरी गोठवण्याचा डाव त्यात दिसला म्हणून कामगार संघटनांनी तो एकमुखाने धुडकावला, आणि ते योग्यच केले. परंतु त्या धुडकावण्यानंतर आपण स्वतःचे वेतनधोरण कधी मांडले? मांडले नाही. 'मिळेल तेवढे, मिळेल त्याला' हेच आपले धोरण होऊन बसले. आणि मिळते ते नेहमी ज्याला आधीच अधिक आहे त्यालाच. सरकारने वरच्यांची वाढ कापून तिजोरीत ठेवणे वेगळे, आणि संघटनेने स्वतः होऊन एकाच मागणीपत्रकात वाढीचा क्रम बदलून मागणे वेगळे. पहिल्याला विरोधच करावा लागेल. दुसरे केल्यावाचून पहिल्याला विरोध करण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे उरत नाही, कारण खालचे शिक्षक आपल्याबरोबर उभे राहणार नाहीत. त्यांनी का उभे राहावे?

डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला चोपन्न दिवसांचा संप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. केंद्राइतका महागाई भत्ता ही मागणी कारकुनाची, शिपायाची आणि शिक्षकाची एकच होती, म्हणून तो संप चोपन्न दिवस टिकला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेला संप सात दिवसांत मिटला. तो मिटण्याची कारणे अनेक होती. पण ज्यांना वेतनश्रेणीच नाही अशा हजारोंच्या दृष्टीने निवृत्तिवेतन हा दूरचा विषय होता, आणि त्यांना जवळ घेण्याचा प्रयत्न आपण केला नव्हता.

वरच्या थरातील प्राध्यापकांची संख्या शाळाशिक्षकांच्या मानाने लहान आहे, त्यांची वाढ थोडी आखडल्याने सर्व सेवकांची सोय होईल असा माझा दावा नाही. राज्याला नवा पैसा काढावाच लागेल, आणि तो काढायला भाग पाडावे लागेल. परंतु तो पैसा आला की कोणाच्या ताटात आधी वाढायचा, हे आजच ठरवले पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाकडे बोट दाखवून गावच्या शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार असू नये आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा, असे मागितले होते. फुल्यांनी आकडा मागितला, सहानुभूती मागितली नाही. आपल्या व्यासपीठांवर त्यांची तसबीर असते, म्हणून ही आठवण.

तेव्हा माझी सूचना अशी. मागणीपत्रकातील अकरावी मागणी उचलून पहिल्या क्रमांकावर ठेवावी आणि तिला आकडा द्यावा: शिक्षण सेवक ही पायरीच रद्द करून पहिल्या दिवसापासून श्रेणीचे आरंभिक वेतन, तासिकेवरील अध्यापकाला किमान श्रेणीच्या प्रमाणात बारमाही मासिक वेतन, अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकाला पूर्ण. हे होईपर्यंत श्रेणीतील कोणाचीही थकबाकी, माझ्यासारख्या निवृत्तांची धरून, दुसऱ्या क्रमांकावर. गुणक सर्वांना एकच. चढता गुणक देऊ केला तरी संघटनेने तो घेऊ नये. महागाई भत्ता १९९६ पूर्वीच्या तत्त्वाने, खाली पूर्ण व वर उतरता. आणि संघटनेच्या घटनेत दुरुस्ती करून मानधनावरील व तासिकेवरील शिक्षकांना नाममात्र वर्गणीत पूर्ण सभासदत्व आणि मत द्यावे. शेवटची सूचना मानायला वित्त विभागाची परवानगी लागत नाही.

उतरत्या भत्त्याने माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा काही हजार रुपये कमी होतील. हिशेब करून पाहिला आहे आणि आमच्या घरी त्यावर बोलणेही झाले आहे. दुरुस्तीचा मसुदा मी जिल्हा शाखेकडे पाठवला आहे. पुढच्या सभेत त्याला अनुमोदन देणारा एक तरी पूर्ण वेतनावरचा प्राध्यापक हवा, कारण त्या चहा देणाऱ्या तरुणाचे अनुमोदन आजच्या नियमांप्रमाणे ग्राह्य धरले जाणार नाही.